धाकटी ओ देत नाही

१ फेब्रुवारी

मी एका ध्वनिग्रंथालयाचा व्यवस्थापक आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न. माझे नाव संस्थेच्या प्रत्येक पावतीवर छापलेले असल्याने येथे ते पुन्हा लिहीत नाही. कर्मचारी पाठीमागे मला 'टाचणी' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. हे नाव कोणी ठेवले, याचा शोध मात्र लागलेला नाही.

आमचे सभासद दृष्टिहीन आहेत. ते साध्या फोनवरून आमचा क्रमांक लावतात, हव्या त्या पुस्तकाचा आकडा दाबतात आणि ध्वनिमुद्रित पुस्तक ऐकतात. हे सारे एका सर्व्हरवर चालते. त्यावरील लिनक्स या संगणकप्रणालीच्या आवृत्तीची मुदत आता संपली असून ती अपग्रेड करणे भाग आहे. अध्यक्षांचे मत असे की, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सेवा बाहेरच्या कंपनीकडे सोपवावी. परंतु त्या कंपनीच्या सेवेला स्मार्टफोन लागतो, आणि आमच्या वयस्क सभासदांना काचेचा सपाट फोन म्हणजे भिंत. त्यांना बोटांना लागणारी बटणे हवीत.

तंत्रज्ञाचे पद गेल्या वर्षापासून रिक्त आहे. ते रिक्तच ठेवावे, ही शिफारस माझी होती. त्यामुळे अपग्रेड मी स्वतः करीन, असे बैठकीत सांगणे ओघानेच आले. अध्यक्ष म्हणाले, "करा. पण महिनाअखेरच्या बैठकीला यंत्र चालू नसलं, तर मग कंपनीच. तेव्हा मला नियम सांगू नका."

काय केले व कोणत्या क्रमाने केले, हे पुढे कोणी विचारल्यास सांगता यावे, एवढ्यासाठी ही दैनंदिनी.

४ फेब्रुवारी

रविवार असल्याने यंत्रखोलीत एकटाच होतो. सूचनांची छापील प्रत समोर ठेवून प्रत्येक पायरी पूर्ण झाल्यावर समासात खूण केली. संपूर्ण साठ्याची दुसरी प्रत आधीच काढून घेतली होती.

अपग्रेड चालू असताना यंत्राने मध्येच विचारले: या फायलीत येथे कोणीतरी बदल केलेले आहेत, तुमची प्रत ठेवू, की लिनक्सच्या वितरकाची नवी प्रत बसवू? हाच प्रश्न पुढे अनेक फायलींबाबत आला. यंत्राचा स्वतःचा कल 'तुमची ठेवा' याकडे होता. मला ते चमत्कारिक वाटले. हाताने खाडाखोड केलेली प्रत आणि मूळ अधिकृत प्रत, यांपैकी ग्राह्य कोणती, याविषयी आमच्या शाखेत दुमत नसते. मी प्रत्येक वेळी वितरकाची प्रत स्वीकारली. माजी तंत्रज्ञांनी वर्षानुवर्षे केलेली ठिगळे एका दुपारी निघाली, याचे थोडे समाधानही वाटले. ते येथे नमूद करतो, कारण नोंद खरी असावी.

यंत्र रीस्टार्ट केले. सुरू झाले. नेटवर्क मात्र नाही.

५ फेब्रुवारी

फोनवर बसणाऱ्या ताई सकाळीच दारात उभ्या. "साहेब, सभासदांच्या लाइनवर चिटपाखरू नाही. नेहमी या वेळेला दिवे कसे फुललेले असतात."

"अपग्रेडनंतर किरकोळ अडचण आहे."

"किरकोळ ना? मग मी लोकांना दुपारपर्यंत सांगू?"

"वेळ सांगू नका," मी म्हणालो.

दुपारी कार्यालयाच्या साध्या फोनवर निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्या रोज संध्याकाळी ऐकतात. दृष्टी गेली तरी आवाजातील वर्ग गेलेला नाही.

"तुमचं यंत्र मुकं का झालंय? माझं शेवटून दुसरं प्रकरण चालू आहे. तिनं दार उघडलं, आणि पुढं तुम्ही बंद. दारात कोण आहे?"

"बाई, दुरुस्ती चालू आहे."

"ती चालू द्या. दारात कोण आहे तेवढं सांगा."

"मी ते पुस्तक वाचलेले नाही."

"ग्रंथालयात जन्म काढलात आणि वाचलं नाही?" मग त्या म्हणाल्या, "बरं. लवकर करा. मला त्या काचेच्या फोनकडे ढकलू नका. त्याच्यावर हात फिरवला की काहीच लागत नाही हाताला."

७ फेब्रुवारी

केबल बदलून पाहिल्या. राउटर बंद करून पुन्हा सुरू केला. त्याचे दिवे व्यवस्थित लागतात. दोष आमच्याच यंत्रात आहे. दिवसभर सुरुवातीच्या नोंदी वाचल्या आणि अखेर दोन ओळी सापडल्या. 'थोरली' नावाचे उपकरण सापडत नाही. 'धाकटी' नावाचे उपकरण सापडत नाही.

ही नावे माजी तंत्रज्ञांनी ठेवलेली. सर्व्हरमध्ये नेटवर्कची दोन कार्डे आहेत. एक बाहेरच्या इंटरनेटकडे जाते, ती थोरली. दुसरी सभासदांचे फोन घेणाऱ्या पेटीकडे जाते, ती धाकटी. एका तपासणीत मी लेखी हरकत घेतली होती की, संस्थेच्या उपकरणांना घरगुती नावे शोभत नाहीत. ते हसून म्हणाले होते, "शोभत नाहीत साहेब, पण हाक मारायला बरी." जोडणी तपासण्याच्या आज्ञेलाही ते 'हाक' म्हणत, आणि उत्तर आले की 'ओ दिली' म्हणत. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून आम्ही सारेच तसे म्हणू लागलो. मीसुद्धा.

८ फेब्रुवारी

अध्यक्षांनी 'काय स्थिती' असे विचारले. 'तपास चालू' असे कळवले. हे उत्तर मी स्वतः कोणत्याही कर्मचाऱ्याकडून स्वीकारले नसते.

जेवताना सौ. म्हणाली, "जुन्या तंत्रज्ञांना फोन करा ना. त्यांना एका मिनिटात कळेल."

"त्यांचे पद भरू नये, हे मीच लिहून दिले आहे. आता कोणत्या तोंडाने करू?"

"ते त्यांच्या लक्षातही नसेल. त्यांच्या डोक्यात तेवढंच आहे का?" मग पानाकडे पाहत म्हणाली, "केलात तर जपून बोला."

"मी जपूनच बोलतो."

"तुम्ही नेमकं बोलता. जपून वेगळं."

या भेदाचा अर्थ मी विचारला. ती उठून पाणी आणायला गेली.

गृहस्थ उत्तम होते. आमचे संबंधही उत्तम होते. दुपारचा चहा आम्ही यंत्रखोलीत घेत असू, कारण तेथे गारवा असतो. सुट्टीत त्यांच्या दोन मुली येत. मोठी कोपऱ्यात वाचत बसे. लहान माझ्या टेबलाशी येऊन, "तुमच्या खिशात तीन पेनं कशाला? दोन रुसतात का?" असले प्रश्न विचारी. मी तिला टाचण्यांची डबी देत असे. ती सर्व टाचण्या एका दिशेला डोकी करून लावी. त्यामुळे मूल शांत बसे आणि डबीही नीट लागे. राजीनाम्यात त्यांनी 'घरगुती कारण' एवढेच लिहिले होते. त्या रकान्यात तेवढे पुरते. मी किल्ल्या तपासून घेतल्या, पोच दिली आणि प्रकरण बंद केले.

११ फेब्रुवारी

फोन केला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"साहेब? बोला, बोला. सगळं बरंय ना?"

मी स्थिती क्रमवार सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "वितरकाची प्रत घेतलीत?"

"होय."

"किती ठिकाणी?"

"सर्व ठिकाणी."

"सर्व ठिकाणी," ते म्हणाले, आणि मला त्यांचे जुने हसू ऐकू आले. "हे तुम्हीच करू जाणे. दुसरा कुणी असता तर कंटाळून एखाद्या वेळी तरी चुकला असता, आणि वाचला असता."

त्यांनी समजावले ते असे: कार्डे जागच्या जागी आहेत, फक्त त्यांची नावे पुसली गेली आहेत. नव्या लिनक्सने त्यांना स्वतःची, अक्षरे आणि आकडे मिसळलेली नावे दिली आहेत. बाकीच्या फायली मात्र जुन्याच नावांनी हाका मारीत आहेत, आणि त्या नावाचे आता घरात कोणी नाही.

"मग बाकीच्या फायलींत नवी नावे घालतो," मी म्हणालो.

ते म्हणाले, "घालता येतील. बऱ्याच ठिकाणी बदलावं लागेल. नाहीतर जुनी नावं परत देता येतील, दोन-दोन ओळींचं काम आहे. तुम्ही ठरवा."

जेथे लिहिणे कमी तेथे चूक कमी, म्हणून मी जुनी नावे परत देण्याचे ठरवले.

"बरं झालं," ते म्हणाले. इतक्या हळू की मी 'काय?' असे विचारले. ते म्हणाले, काही नाही.

१२ फेब्रुवारी

आज संध्याकाळी त्यांना फोनवर ठेवून काम केले. प्रत्येक कार्डाला कारखान्यातून इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिसळलेला एक कायमचा पत्ता मिळालेला असतो. तो फाइलीत लिहायचा आणि खाली त्या पत्त्याचे नाव लिहायचे. मी सर्व्हरचे झाकण काढून कार्डांवर चिकटवलेल्या पट्ट्यांवरून पत्ते उतरवून घेतले.

"पडद्यावरही दिसतात, ताडून बघा," ते म्हणाले.

"मूळ पट्टीवरून घेतले आहेत," मी सांगितले.

रीस्टार्टनंतर थोरलीने लगेच ओ दिली. इंटरनेट आले, आठवड्याचे ईमेल धडाधड उतरू लागले. त्यांचाही आवाज खुलला. "वा. थोरली शहाणीच आहे. आता धाकटीला हाक मारा."

मी आज्ञा दिली आणि पडद्यावरचा मजकूर शब्दशः वाचून दाखवला. "धाकटी सापडत नाही."

पलीकडून काही आले नाही. ऐकू गेले नसावे असे समजून मी अधिक स्पष्ट उच्चारात पुन्हा सांगितले. "थोरली आहे. धाकटी नाही. हाक मारली, पण धाकटी ओ देत नाही."

श्वास ऐकू येत होता, म्हणजे फोन चालू होता.

"पुन्हा हाक मारू का?"

"नको," ते म्हणाले. "नको, साहेब. आज नको."

आणि फोन ठेवला. पूर्वी ते नेहमी 'ठेवतो' म्हणत आणि मग ठेवत. काम अर्धे सोडण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. पदाविषयीचा राग अजून असावा. सभासदांची लाइन धाकटीवर आहे; ती येत नाही तोवर बाकी सारे असून नसल्यासारखे.

१३ फेब्रुवारी

हे लिहावे की नाही, याचा विचार करून लिहीत आहे.

काल घरी आल्यावर मी सौ.ला घडले ते सांगितले. थोडी तक्रारही होती त्यात. ती कपड्यांच्या घड्या घालीत होती. तिचे हात थांबले.

"काय म्हणालात तुम्ही त्यांना? परत सांगा."

मी परत सांगितले.

ती पलंगावर बसली. "अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"काय?"

"गेल्या वर्षी. तुमचं लेखापरीक्षण चाललं होतं तेव्हा. मी त्यांच्या घरून आले आणि दारातच तुम्हाला म्हटलं, त्यांची धाकटी गेली. ताप डोक्यात गेला, चार दिवसांत गेली. पण तेवढं सगळं सांगायला तुम्ही मला कुठं बोलू दिलंत? 'धाकटी गेली' म्हटलं, आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात..."

मला आठवले. मी म्हणालो होतो, "बरं. दुसरी मागवता येईल."

मला कार्ड वाटले होते. तंत्रज्ञ रजेवर होते, त्यांनी हिच्याबरोबर निरोप धाडला असावा, अशी माझी समजूत झाली. दुसऱ्या दिवशी मी यंत्रखोलीत जाऊन खात्रीही केली. धाकटीचा दिवा नीट लुकलुकत होता. निरोपात काही घोटाळा झाला असे मानून मी तो विषय मिटवला.

मी हे सौ.ला सांगितले. तिने हातातली घडी बाजूला ठेवली.

"कार्ड," ती म्हणाली. "वर्षभर मी समजत होते, की तुम्ही ते वाक्य एका मुलीबद्दल बोललात. वर्षभर, अहो. तरी रोज तुमचं पान वाढत होते."

"तू विचारायचे होतेस."

"कसं विचारायचं? काय म्हणून विचारायचं?"

मीही कोणाला काही विचारले नव्हते. रकान्यात 'घरगुती कारण' असे लिहिलेले होते आणि मला ते पुरले होते.

१४ फेब्रुवारी

ताईंना विचारले की, हे कार्यालयात कोणाला ठाऊक होते.

"सगळ्यांनाच, साहेब. आम्ही सगळे गेलो होतो ना." त्या पदराशी चाळा करीत म्हणाल्या, "तुम्हाला माहीत असेलच असं वाटलं. तुम्ही काही बोलला नाहीत, मग आम्हीही तुमच्यापुढं विषय काढला नाही. म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव."

म्हणजे वर्षभर हे सारे लोक माझ्याविषयी असे समजत होते, आणि मला रोज नमस्कार करीत होते.

काम केले नाही. फाइल उघडून बसलो.

१६ फेब्रुवारी

आज त्यांचे एक वाक्य आठवले: ताडून बघा. कार्डावरील पट्टी आणि पडद्यावरील पत्ता शेजारी ठेवून एकेक अक्षर पाहिले. मी जो इंग्रजी आठ लिहिला होता, तो आठ नव्हता. ते 'बी' होते. पट्टीची शाई एका बाजूला फिकट झाली आहे. पडदा पहिल्यापासून खरे सांगत होता. मी पट्टीला मूळ दस्तऐवज मानले आणि पडद्याकडे पाहिलेच नाही.

अक्षर बदलले. खाली नाव पुन्हा तपासले. धाकटी. आज्ञा देण्यापूर्वी मी उगाचच उठून यंत्रखोलीचे दार लावून आलो.

हाक मारली. ओ दिली. एकामागून एक ओळी येत राहिल्या. ही आज्ञा आपणहून थांबत नाही, थांबवावी लागते. ती थांबवायला मला उशीर झाला.

थोड्याच वेळात ताईंच्या टेबलावर दिवे लागू लागले. संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाईंचा साध्या फोनवर मुद्दाम फोन आला.

"ऐकलं. संपलं पुस्तक."

"दारात कोण होते?" मी विचारले.

"ते मी नाही सांगणार. तुम्ही ऐका. आता तरी ऐका."

अध्यक्षांना कळवले: सेवा पूर्ववत. त्यांचे उत्तर आले: ठीक, कंपनीचा विषय तूर्त बाजूला. ज्यासाठी ही नोंद सुरू केली, ते काम पूर्ण झाले. एक फोन मात्र राहिला आहे.

१७ फेब्रुवारी

सांत्वनाचा मजकूर काल तयार केला होता. 'आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या आघाताबद्दल' अशी सुरुवात होती. तो समोर ठेवून फोन केला.

"काम झाले," मी म्हणालो.

"दोघी?" त्यांनी विचारले.

"दोघी."

"काय होतं?"

"एक अक्षर मी चुकीचे वाचले होते."

"हाक मारून बघितलीत?"

"होय."

"मग?"

मी कागदाकडे पाहिले. त्यातले एकही वाक्य याचे उत्तर नव्हते. "ओ दिली," मी म्हणालो.

मग मी सांगून टाकले. "मला ठाऊक नव्हते. हिने मला तेव्हा सांगितले होते, धाकटी गेली म्हणून. मला कार्ड वाटले."

"कार्ड?"

"मी म्हणालो, दुसरी मागवता येईल."

हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. पण वगळणे मला जमले नाही. पलीकडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की दुसरा, हे फोनवर ठरवता येत नाही.

"साहेब," ते म्हणाले, "हे तिला सांगितलं असतं ना, तर लोळली असती हसून. तुमच्या नकला करायची घरी. टाचणीकाका म्हणायची तुम्हाला. मी ते चहाच्या वेळी एकदा बोललो आणि मग सगळ्यांनीच उचललं. माफ करा हं."

"हरकत नाही," मी म्हणालो. माझा आवाज नीट निघाला नसावा, कारण त्यांनी 'काय?' असे विचारले आणि मला ते पुन्हा म्हणावे लागले.

तंत्रज्ञाचे पद भरण्याची शिफारस मी आज लिहून दिली आहे, हे त्यांना सांगितले. याल का, असेही विचारले.

"नाही, साहेब. दुसरं कुणी बघा. त्या खोलीत दिवे लुकलुकतात, मला नाही बघवत." मग म्हणाले, "पण नावं राहू द्या. नवा माणूस आला की सांगाल त्याला?"

"सांगेन."

"ठेवतो," ते म्हणाले, आणि ठेवला.

तयार केलेला मजकूर फाडून टाकला. माझ्यानंतर जो कोणी हे यंत्र अपग्रेड करील, त्याला यंत्र पुन्हा तेच विचारील: तुमची प्रत ठेवू, की वितरकाची नवी बसवू? येथे उत्तर लिहून ठेवतो. येथील प्रत ठेवावी. कारण विचारल्यास घरगुती असे सांगावे, आणि त्याने पुढे विचारलेच, तर सर्व सांगावे.

टाचणी
यंत्रखोली, १७ फेब्रुवारी